पायवाटेची कड

३ मार्च, मंगळवार

व्यायामाच्या बाई आज सांगून गेल्या, रोजचं लिहून ठेवा. किती पावलं चालल्या, कुठे दुखलं, गोळी घेतली का. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं मी लोकांच्या वह्या बांधल्या, स्वतः एक भरली नाही. त्यांना हसू आलं नाही. त्यांना कशाचंच हसू येत नाही. तर ही वही. कापडी पाठीची, माझ्याच हातची, बांधणीचं दुकान बंद करताना उरलेल्या कागदाची.

हिची आजची पावलं अकरा. वॉकर धरून, पुढच्या दारापासून फाटकाच्या दिशेने अकरा आणि परत अकरा. दुखणं किती म्हणून विचारलं, तर "तुम्हाला काय करायचंय?" असं उत्तर मिळालं. म्हणजे मध्यम.

एकतीस तारखेला बाई परीक्षा घेणार आहेत. नुसती काठी घेऊन दारापासून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर आम्ही दोघांनी इथेच राहायचं. नाही जमलं तर घर बंद करून लेकीकडे, आठव्या मजल्यावर. हा करार लेकीने हॉस्पिटलातच करून घेतला, पायाच्या ऑपरेशननंतर ही भुलीतून पुरती बाहेर यायच्या आत. लेक वकील आहे, काय बोलणार?

लेकीचं काही चुकत नाही. खोली तयार ठेवलीय, पडदेसुद्धा लावलेत. पण तिथे पाय मातीला लावायचा तर आधी लिफ्टची वाट बघायची. ही तिथे सुकून जाईल. माझं तर विचारूच नका.

५ मार्च, गुरुवार

पावलं अकरा. कालही अकराच होती.

आज पायवाटेची नीट पाहणी केली. काँक्रीटची वाट, नव्वद सेंटिमीटर रुंद, एकोणीस वर्षांपूर्वी घातलेली. वाट अजून ठणठणीत आहे, पण कडांची रया गेलीय. काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये बोटभर फट पडलीय आणि त्या फटीत नाना प्रकारच्या गवतांनी ठाण मांडलंय. वहीची कड अशी कापून दिली असती तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती.

ही पडली ती इथेच. दारापासून तेरा-चौदा पावलांवर. दोन वर्षं ही सांगत होती, "अहो, कडेचं गवत काढा." मी म्हणायचो, रविवारी काढतो. दोन वर्षांत शंभरावर रविवार येतात. गवतात पाय अडकला, दुसरं काय असणार? मी कोणाला बोललेलो नाही. हिला विचारायची छाती होत नाही. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणालेली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पाहणीत कुंपणापाशी माझी डावी चप्पल सापडली. दोन महिने शोधत होतो. उजवी एकटीच पायरीजवळ मिळाली होती, शेवटी नवा जोड आणला. इथे कशी आली कळत नाही. कुत्र्याने ओढून नेली असेल.

एकतीस तारखेच्या आत दोन्ही कडा कोऱ्या करायच्या. पुन्हा काही अडकायला नको.

६ मार्च, शुक्रवार

पावलं एकोणीस! एकदम आठने उडी. दुखणं: "आहे तेवढंच आहे."

मोठाल्या गवतांची जागा फीतपट्टीने मोजून घेतली. दारापासून पहिलं पिवळ्या फुलांचं, तीन मीटर ऐंशीवर. दुसरं केसाळ पानांचं, सहा साठवर. तिसरं लोळणारं, नऊ चाळीसवर. चौथं काटेरी, तेरा वीसवर. पुढे फाटकापर्यंत आणखी दोन. बारीकसारीक तर मोजायलाच नको.

ही व्हरांड्यात खुर्चीवर बसून माझी गंमत बघत होती. म्हणाली, "त्या पिवळीला जपून हं. त्या तुमच्या आत्या आहेत."

"कोण?"

"तुमच्या आत्या. चार दिवसांसाठी म्हणून येतात आणि मूळ धरतात. आणि ते केसाळ, ते मोठे काका. त्यांचे कान आठवतात ना?"

मग लोळणारे ते चुलत दीर, दुपारच्या जेवणानंतरचे. काटेरी त्या थोरल्या वन्सं. फाटकाजवळचे दोघे मावसभाऊ, आत यावं की परत जावं अशा विचारात उभे. हसत होती, फार दिवसांनी मोठ्याने. मी म्हटलं, सगळं तण माझ्याच बाजूचं कसं गं? तुझ्याकडचं एकही नाही? तर म्हणते, "आमच्याकडचे कुंडीत राहतात."

घटकाभर राग आला. पण काकांचे कान खरोखरच तसे होते.

९ मार्च, सोमवार

पावलं एकोणीस. तीन दिवस एकोणीसवरच अडलीय. एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही. मी म्हटलं, वीस तरी कर. म्हणाली, "वीस करून काय करू?" या उत्तराचा मी अजून विचार करतोय.

गवतावर उकळतं पाणी टाकून पाहिलं. किटली चार वेळा भरली. वरची पानं मान टाकून बसली, मी खूश. मग रोपवाटिकेत गेलो. रोपवाला माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण गवतावर असा बोलतो की जणू दोघे एकत्र वाढलेत. म्हणाला, पाण्याने वरचं मरतं, मूळ तसंच राहतं, आठवड्यात परत येईल. मी विचारलं, मीठ टाकू? त्याने कपाळाला हात लावला. मीठ मातीत उतरतं, शेजारचं सगळं जाळतं, मग वर्षानुवर्षं तिथे काही उगवत नाही.

"मग करू काय?"

"फट साफ करा, कडेची माती दोन बोटं खाली घ्या. आणि मोकळी ठेवू नका, काहीतरी लावा. पसरणारं, दाट. मोकळं दिसलं की गवत येणारच. त्याला बोलवावं लागत नाही."

काही लावा म्हणे. रोपं विकायचा धंदा आहे त्याचा, दुसरं काय सांगणार? फट साफ करून भरड वाळू ठासायची आणि कड कोरी ठेवायची असं मी ठरवलं आहे.

११ मार्च, बुधवार

पावलं सत्तावीस. शाब्बास! आज काठीवर. वॉकर बाईंनी काढून घेतला, मला न विचारता. मी दोन्ही हात पुढे करून मागे, ही मात्र चालली. नंतर विचारलं, भीती वाटली का? "वाटली तर काय करणार? चुलत दिरांच्या पायावर पाय पडला असता, एवढंच." थट्टा सुचतेय म्हणजे तब्येत सुधारतेय.

फाटकाच्या बाजूने खुरपणीला सुरुवात केली. खुरपं फटीत शिरत नाही. मग चामडं खरवडायची जुनी सुरी काढली, पात्याला धार दिली आणि लाकडी पट्टी लावून कड मारली. काय सांगावं! ओली माती पुठ्ठ्यासारखी कापली जाते. मूळ पुरतं बाहेर येतं, वीतभर लांब. दोन मीटर झाले. गुडघे बोलताहेत, पण मन भरलं.

मावसभाऊ दोघेही गेले. ही म्हणाली, "तिकडचे राहू द्यायचे की थोडे." मी म्हटलं, आता नात्यागोत्याचं काही चालणार नाही.

१४ मार्च, शनिवार

पावलं अडतीस, सकाळी. अडतीस! निम्म्याहून जास्त झालं. तिच्या पावलांनी फाटक चौसष्टावर पडतं. अजून सतरा दिवस हातात आहेत. आम्ही कुठे जात नाही.

आणि दुपारी काम पुरं झालं. दोन्ही कडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी दारापाशी आलो तेव्हा वन्सं, दीर, काका, आत्या, सगळे घमेल्यात. माती दोन बोटं खाली घेतली, फटीत वाळू ठासली, वर झाडू मारला. वाट अशी दिसते की आत्ता मशीनमधून कापून काढलीय. हाताला फोड आलेत, पण मला अगदी दुकानातले दिवस आठवले.

हिला हात धरून व्हरांड्यात आणलं. म्हटलं, बघ. तिने बघितलं. नजर पार फाटकापर्यंत गेली. मग म्हणाली, "छान झालंय हो. किती राबलात." डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. आता कुठेच काही अडकणार नाही.

१५ मार्च, रविवार

पावलं सहा. थकली असेल, काल जास्त चालली.

१६ मार्च, सोमवार

पावलं चार. "पाय जड झालेत." गोळी दिली.

१७ मार्च, मंगळवार

दारात उभी राहिली, काठी टेकवली, फाटकाकडे बघितलं आणि परत फिरली. एकही पाऊल नाही. बाई आल्या होत्या. त्यांनी पाय वाकवून, ताणून, दाबून बघितला. म्हणाल्या, पाय उत्तम आहे. माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू पाय मीच बिघडवलाय.

१९ मार्च, गुरुवार

आज जरा वाजलं. मी म्हटलं, अगं, एवढी वाट साफ करून दिली, कुठे कचरा नाही, काडी नाही, आणि तू आता हातपाय गाळून बसलीस? म्हणाली, "रस्ता लांब झालाय."

आता याला काय म्हणायचं? मी फीतपट्टी काढली. दाराच्या उंबऱ्यापासून फाटकाच्या खांबापर्यंत मोजलं. बावीस मीटर चाळीस. पुन्हा दुसऱ्या कडेने मोजलं. बावीस मीटर चाळीस. आत जाऊन तिला सांगितलं, एक सेंटिमीटरसुद्धा वाढलेला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि इतकंच म्हणाली, "बरं."

चाळीस वर्षांच्या संसारात तिचं 'बरं' मला ओळखता येतं. हे त्यातलं चांगलं नव्हतं.

शेवटी चिडून गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. गोळ्यांनी चक्कर येऊ शकते, झोप येऊ शकते. रस्ता लांब होतो असं कुठे लिहिलेलं नाही.

२१ मार्च, शनिवार

लेक दोन दिवसांसाठी आलीय. आईला चालताना बघायचं होतं तिला. ही दारापासून पाच पावलं गेली आणि भिंतीला हात टेकला. लेक संध्याकाळी कपाटं उघडून बघत होती. मला म्हणाली, "बाबा, शिवणयंत्र न्यायचं का? तिथे खिडकीत बसेल ते." मी म्हटलं, अजून दहा दिवस आहेत. म्हणाली, "आहेत ना. मी नुसतं विचारतेय." आवाज मऊ होता. कोर्टात ती याच आवाजात बोलत असेल, समोरच्याचं काही खरं नाही हे कळल्यावर.

जेवायला बसलो. मला आज पहिल्यांदा वाटलं की आपलं हे घर जाणार. मनापासून भीती वाटली.

२२ मार्च, रविवार

हे सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

सकाळी ही आंघोळीला गेली होती. लेक स्वयंपाकघरात. मी व्हरांड्यात हिच्या खुर्चीवर बसलो. कोपऱ्यात हिची काठी होती. मनात आलं, बघू तरी हिला कुठे अडतं ते. काठी घेतली, उजवा पाय न वाकवता, तिच्यासारखी छोटी पावलं टाकत निघालो. अशी पावलं टाकायची म्हटलं की पाठीला रग लागते, हे मला माहीत नव्हतं. नवव्या-दहाव्या पावलाला वाटलं, जरा थांबू. मान वर केली, थांबायचं कुठे ते बघायला. तर सगळी वाट एकसारखी. दोन सरळ रेघा आणि त्यांच्या टोकाला फाटक. ते जवळच येईना. मी आपला मध्येच उभा.

मागून हिचा आवाज आला. केस ओले, दाराच्या चौकटीला धरून उभी. "कळलं का?"

"काय कळायचंय? वाट चांगली आहे. कुठेच अडत नाही."

"तेच म्हणतेय. अडायला काही ठेवलंत कुठे तुम्ही?"

मी परत आलो. ती खुर्चीत बसली, मी पायरीवर. मग तिने सांगितलं. टॉवेलने केस पुसत, माझ्याकडे न बघता.

"मला फाटकापर्यंत चालता येत नाही हो. कधीच येत नव्हतं. मी तुमच्या आत्यांपर्यंत चालायचे. तिथवर गेलं की टेकायचे, श्वास घ्यायचे, मनातल्या मनात आत्यांना चार शब्द ऐकवायचे. मग वाटायचं, चला, काकांपर्यंत तर जाऊ. पाय स्थिर झाला की काका, मग दीर. आता दारात आले की समोर एकदम फाटकच दिसतं. तेवढं लांब मला नाही जमत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तुम्ही घमेलं घेऊन उभे, तोंडभर हसताय, हाताला फोड. आणि सांगितलं असतं तर तुमच्या त्या वहीत गेलं असतं. सहा वेळा टेकते, भीती वाटते. वहीतून बाईंकडे, बाईंकडून लेकीकडे. मग बसा आठव्या मजल्यावर."

मी आत जाऊन ही वही आणली आणि मागची पानं उघडली. अकरा, एकोणीस, सत्तावीस, अडतीस. आणि सहा तारखेला मीच मोजून लिहिलेली गवतांची अंतरं, शेजारी शेजारी, माझ्याच अक्षरात. तीन ऐंशी म्हणजे तिची अकरा पावलं. सहा साठ म्हणजे एकोणीस. तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी फीतपट्टी फिरवली आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग माझ्या तोंडून निघालंच. म्हटलं, मी ते गवत काढत होतो ते तू पडलीस म्हणून. दोन वर्षं सांगत होतीस, मी काढलं नाही. माझ्यामुळे पडलीस.  पंच्याहत्तरीच्या माणसाने पायरीवर बसून रडावं हे काही शोभत नाही, पण रडलो.

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "गवताने नाही पडले मी."

"मग?"

"तुमच्या चपला घातल्या होत्या. माझ्या मागच्या दारात होत्या, आणायचा कंटाळा आला. तुमची ती नऊ नंबरची होडी पायातून निसटली आणि गेले मी. तुम्ही किती वेळा सांगितलं होतं, माझ्या चपला घालू नकोस. म्हणून बोलले नाही."

दोन महिने मी मनात कुढतोय आणि ही माझ्या चपलेचं गुपित धरून बसलीय! आधी राग आला. मग हसू आलं. तिला तर इतकं आलं की कुशीत दुखायला लागलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मघापासून बंद होता. लेक बाहेर आली नाही. थोड्या वेळाने नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं.

२३ मार्च, सोमवार

लेक पहाटेच गेली. शिवणयंत्राचा विषय निघाला नाही.

हिला विचारलं, तण परत लावू का? ते परत मिळायचं कुठून हाही प्रश्नच. म्हणाली, "वेडे आहात का? लावायचंच तर काहीतरी चांगलं लावा." रोपवाल्याकडे गेलो. तो काही बोलला नाही, पण बोलला नाही अशा पद्धतीने की सगळं बोलून झालं. बारीक पानांचं, जमिनीला धरून पसरणारं एक रोप दाखवलं. महिन्याभरात दाट होतं, खाली उजेड पडू देत नाही, मग फटीत दुसरं काही उगवत नाही. तयार झालेले सहा गड्डे घेतले. मधल्या जागेवर टाकायला लाकडाच्या सालींची पोती.

२४ मार्च, मंगळवार

रोपं कुठे लावायची यावरून तासभर हुज्जत. मी हिशेब करून ठेवला होता. सहा रोपं, बावीस चाळीस, दर तीन मीटर वीसवर एक. सरळ, समान. ही म्हणाली, "पाय माझा आहे की तुमचा?" मग ती चालायला लागली, माझ्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी, माझ्याकडे खुंट्या. ती "इथे" म्हणाली की मी वाकून खुंटी ठोकायची. पहिली नवव्या पावलावर. दुसरी त्यापुढे तब्बल चौदावर, तिथे वाट सपाट आहे म्हणाली. तिसरी दहावर. मग जरा उतार लागतो, तर तिथे दोन खुंट्या सात-सात पावलांवर. शेवटची फाटकाच्या अलीकडे नऊ पावलं.

वाटेला उतार आहे हे एकोणीस वर्षांत मला माहीत नव्हतं. गवंडी उतार बघतात ती पाणसळ लावून बघितलं, तर खरंच आहे.

खुंट्यांकडे बघवत नाही, एकीचा एकीला मेळ नाही. दुकानात असं टाचण मारलं असतं तर मी कारागिराला घरी पाठवलं असतं. पण ती आज त्या खुंट्यांवर फाटकापर्यंत गेली, खांदा धरून का होईना. त्यामुळे खुंट्या तशाच राहू दिल्या.

२६ मार्च, गुरुवार

सहाही गड्डे लावले. मधल्या मातीवर सालींचा चार बोटांचा थर. ही खुर्चीतून देखरेख करत होती. "तिरकं बसलंय ते." तिरकं नव्हतं. तरी काढून परत लावलं.

रोपांना नावं देणार का, विचारलं. म्हणाली, "नको. नावं दिली की ती थांबवून घेतात, बोलत बसतात. यांच्यापाशी नुसतं टेकायचं."

पावलं तेवीस, काठीवर, एकटी.

२८ मार्च, शनिवार

पावलं सत्तेचाळीस. तिसऱ्या रोपाला न टेकता पुढे गेली. उतारावर मात्र दोन्हीकडे टेकली, दुसऱ्या ठिकाणी बराच वेळ. दुखणं विचारलं. "दुखतंय," म्हणाली. सरळ उत्तर दिलं. महिन्यात पहिल्यांदा.

३० मार्च, सोमवार

फाटकापर्यंत पोचली. चौसष्ट. पण परत येताना अर्ध्यावर पाय थरथरायला लागला, मला धावत खुर्ची न्यावी लागली. मध्येच वाटेवर खुर्ची, तीत ही, आणि मी शेजारी छत्रीचा दांडा धरल्यासारखा उभा. उद्या परीक्षा. तिने विचारलं, "नाही जमलं तर?" मी म्हटलं, तर आठव्या मजल्यावरून खाली थुंकता येईल. हसली, पण नंतर माझा हात घट्ट धरून बसली.  मी नुसता बसून राहिलो.

३१ मार्च, मंगळवार

बाई दहाला आल्या. लेक रजा टाकून आली होती. बाई पायरीवर घड्याळ घेऊन बसल्या, लेक व्हरांड्यात उभी. मला म्हणाल्या, तुम्ही मध्ये यायचं नाही. मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो, तिथून तिचं तोंड तरी दिसेल म्हणून.

ही निघाली. काठी, पाय, पाय. पहिल्या रोपाशी टेकली.

बाईंनी विचारलं, "थांबलात? दुखतंय का?"

"थोडं. निघते आता."

दुसऱ्याशी टेकली. तिसऱ्याशी टेकली. बाई दर वेळी कागदावर काहीतरी लिहीत होत्या. उतारावर दोनदा थांबली, दुसऱ्यांदा इतका वेळ की मला वाटलं, संपलं. मग काठी उचलली, शेवटच्या रोपाशी टेकली. फाटकाशी आली तेव्हा कपाळावर घाम होता आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. वळली. परत सगळं उलटं, तितक्याच ठिकाणी थांबत. कालच्या जागी पाय थरथरला. मी एक पाऊल पुढे टाकलं, तिने डोळ्यांनी मला जागच्या जागी उभं केलं. दाराच्या उंबऱ्याला काठी लागली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. मीही फाटकापासून दारापाशी आलो.

बाई म्हणाल्या, "पोचलात. पण बारा वेळा थांबलात. मी याला सलग चालणं म्हणू शकत नाही."

 तेवढ्यात लेक पुढे आली. त्याच मऊ आवाजात म्हणाली, "दारापासून फाटकापर्यंत आणि परत, काठी घेऊन. एवढंच ठरलं होतं. सलग चालायचं असं कुठे ठरलं होतं? मीच ठरवलं होतं, मला नक्की आठवतंय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग पायवाटेकडे. बराच वेळ वाटेकडे. मग त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. आणि मी शपथेवर सांगतो, त्यांना हसू आलं.

हिने लेकीला मिठी मारली. लेक म्हणाली, "आई, पडदे मी काढत नाही हं. राहायला ये चार दिवस."

मी म्हटलं, आता बस, पाणी देतो. ती बसली नाही. पाणी उभ्यानेच प्यायली, काठी उचलली आणि पुन्हा वाटेला लागली. लेक म्हणाली, "आई, झालं आता, पुरे!" ही म्हणाली, "आलेच." टेकत टेकत फाटकापर्यंत गेली. मी मागोमाग. तिथे पोचल्यावर कडी काढली, फाटक ढकललं आणि बाहेर पाऊल टाकलं. मी म्हटलं, अगं, कुठे? म्हणाली, "जरा रस्ता बघून येते. तुम्ही थांबा इथे."

बाहेरच्या रस्त्याला ना कड, ना रोपं, ना कुठे थांबायच्या खुणा. मी काही मोजलेलं नाही तिथलं. ती भिंतीच्या कडेने हळूहळू चालत राहिली, मध्येच थांबली, तिचं तिचं ठरवून, आणि पुन्हा निघाली. वळणापाशी दिसेनाशी झाली.

आमचं फाटक आपोआप बंद होत नाही आणि वाराही नव्हता. तरी ती परत येईपर्यंत मी ते दोन्ही हातांनी धरून उभा होतो.